फ्लेक्सवरची बुंदी

बातमी आली तो गुरुवार होता आणि त्या गुरुवारात सांगण्यासारखं काहीही नव्हतं. वरुणराव कॉलेजच्या ऑफिसात आपल्या टेबलाशी बसून प्राध्यापकांच्या रजेचे अर्ज तारखेप्रमाणे लावत होते. (प्राध्यापक तारखेप्रमाणे रजा घेत नाहीत, त्यामुळे हे काम गेली सव्वीस वर्षं संपलेलं नव्हतं.) डोक्यावर पंखा होता, डब्यात दहीभात होता, खिडकीबाहेर तंजावूरचं ऊन होतं. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. बाराला दहा कमी असताना फोन वाजला. फोन पेट शॉपच्या गुरुमूर्तीचा होता.

"सार, जेवलात का?"

"अजून बारा वाजायचेत, गुरुमूर्ती."

"मग आधी जेवून घ्या सार. नंतर बोलू."

माणूस असं म्हणाला की समोरच्याच्या घशाखाली घास उतरत नाही, हे गुरुमूर्तीला कोणीतरी सांगायला हवं होतं. वरुणरावांनी अर्जांवर पेपरवेट ठेवला.

"बुंदीचं काय झालं?"

"आंघोळ फार छान झाली सार."

"मग?"

"पुसायची तेवढी राहिली."

मग एकेक करून बाकीचं बाहेर आलं. बुंदी निम्मी ओली, डाव्या अंगाला शांपूचा फेस तसाच, अशी दुकानातून निघून गेली होती. कोणी गिऱ्हाईक दोन्ही हातांनी माशांची काचेची टाकी धरून दारात उभं राहिलं, गुरुमूर्तीनं सौजन्यानं दार उघडून धरलं, आणि त्या सौजन्यातून बुंदी बाहेर पडली.

खरं तर बुंदीला दुकानात आंघोळ घालायचं कारणच नव्हतं. ती काही जातिवंत कुत्री नव्हे. सात वर्षांपूर्वी पावसात गटाराच्या कडेला सापडलेली, पिवळसर ठिपक्यांची, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव भवानीबाईंनी ठेवलं, भात भवानीबाईंनी कालवला, आणि एकाआड एक रविवारी मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडावर उभी करून तिला आंघोळही भवानीबाईच घालत. आंघोळ घालताना त्या तिच्याशी अखंड बोलत. गल्लीतली भांडणं, भाजीवालीचा उद्धटपणा, नवऱ्याचा मुखदुर्बळपणा, सगळं बुंदीला ठाऊक असे.

भवानीबाईंना जाऊन अकरा महिने झाले होते. या अकरा महिन्यांत वरुणरावांनी बुंदीला दोनदा आंघोळ घालून पाहिली. पहिल्या खेपेस त्यांची स्वतःचीच झाली. दुसऱ्या खेपेस बुंदी दगडावर मुकाट उभी राहिली आणि सारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. तिसऱ्या खेपेची त्यांची छाती झाली नाही. म्हणून त्या गुरुवारी, ऑफिसला जाता जाता, 'आज दुकानातच घालू' असं त्यांनी ठरवलं. आयुष्यात माणूस याहून कितीतरी मोठे निर्णय घेतो आणि त्यांचं काहीच होत नाही.

गुरुमूर्तीचं दुकान दक्षिण वीदीवर, म्हणजे दक्षिणेकडच्या मोठ्या रस्त्यावर. आत माशांच्या टाक्या, लव्हबर्ड्सचे पिंजरे आणि कुत्र्यांच्या खाद्याची पोती. बाहेर प्लॅस्टिकची चार स्टुलं. संध्याकाळी त्या स्टुलांवर गावातले श्वानप्रेमी बसत. बिस्किटाचा एक पुडा घ्यायला आलेला माणूस तास-दीड तास हलत नसे. जागा पुरेना म्हणून गुरुमूर्तीनं व्हॉट्सअॅपवर 'गुरु पेट्स फॅमिली' असा ग्रुप काढला होता. कोणाच्या लॅब्रेडोरनं कोणाची चप्पल खाल्ली, कोणाच्या पॉमेरियनला गोचीड झाली, लशीचा कँप कधी, अशा बातम्या दिवसभर त्यावर येत. भवानीबाई त्या ग्रुपच्या पहिल्या सभासदांपैकी. त्या गेल्यावर ग्रुपनं त्यांच्या जागी वरुणरावांना घेतलं. (सरकारी खात्यात याला अनुकंपा तत्त्वावरची नेमणूक म्हणतात. अशा उमेदवाराकडून कामाची फारशी अपेक्षा नसते आणि वरुणरावांनी ती कधी मोडली नाही.)

त्या संध्याकाळी ग्रुपचे चौदा सभासद स्कूटर-मोपेडवरून बुंदीला शोधायला निघाले. "पूंदी, वा! पूंदी, इंगे वा!" म्हणजे 'बुंदी, ये, इकडे ये' अशा तमिळ हाका पूर्व वीदीपासून रेल्वे स्टेशनापर्यंत घुमल्या. नऊच्या सुमारास सगळे हात हलवत परत आले. ग्रुपची सर्वांत उत्साही सभासद म्हणजे शाळेत गणित शिकवणारी संगीता. तिनं हेल्मेट काढलं आणि शंका काढली.

"सार, नावानं हाक मारली की येते ना ती?"

"येते," वरुणराव म्हणाले. मग खरं बोलायची सवय असल्यामुळे पुढं म्हणाले, "पण तमिळमध्ये मारली तर सांगता येत नाही. तिला तमिळ येत नाही."

"तंजावुरात जन्मलेली कुत्री सार!" गुरुमूर्ती ओरडला.

"पण घरात आम्ही मराठी बोलतो ना."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर वरुणरावांना त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज इकडे आले आणि राजवट गेली तरी भाषा चुलीपाशी टिकून राहिली, हे खरं. रस्त्यावर तमिळ, ऑफिसात तमिळ-इंग्रजी, आणि उंबऱ्याच्या आत मराठी. पण 'आम्ही बोलतो' हे? भवानीबाई गेल्यापासून घरात बोलायला होतं कोण? मुलगी भारती बेंगळुरूला. तिला मराठी कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. बुंदीशी वरुणराव कधी बोललेच नव्हते. कॉलेजच्या सुपरिंटेंडेंटनं कुत्रीशी काय बोलायचं? ते तिच्या पुढ्यात भाताची थाळी ठेवत आणि वर्तमानपत्र उघडत. अकरा महिने त्या घरात मराठीचा एक शब्द पडलेला नव्हता. गुरुवारपूर्वी हे त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

"मग अम्मा कसं बोलवायच्या?" संगीतानं वही काढली. "मी तमिळ अक्षरांत लिहून ग्रुपवर टाकते. सगळे पाठ करतील."

वरुणराव रस्त्याकडे बघत म्हणाले, "ये गे बाई, भात निवला."

"याचा अर्थ काय सार?"

"भात थंड झालाय, ये."

"एवढंच?"

"एवढंच."

शुक्रवारी सकाळी तंजावुरातले मुदलियार, पिळ्ळै, नाडार आणि एक नेपाळी गुरखा असे सगळे "ये गे बाई, भात निवला" म्हणत गल्लोगल्ली फिरत होते. भोसले राजांच्या काळातही या गावात एका वेळी इतके लोक मराठी बोलले नसतील. एका म्हाताऱ्या गृहस्थांना वाटलं, ही नवीन भाजीवाल्याची आरोळी. ते पिशवी घेऊन बाहेर आले. बुंदी मात्र आली नाही.

शनिवारी गुरुमूर्तीनं लाउडस्पीकर लावलेली ऑटो आणली. "सार, उच्चार आमचे चुकतात. तुम्हीच बोला," असं म्हणून त्यानं माईक वरुणरावांच्या हातात दिला.

वरुणरावांनी आयुष्यात माईक हातात धरला नव्हता. कॉलेजच्या समारंभातही ते सतरंजीच्या कडेला उभे राहत. ते खाकरले. ते खाकरणं चार रस्त्यांना ऐकू गेलं. मग ते म्हणाले, "बुंदी हिनं, जेथे असेल तेथून, ताबडतोब घरी यावं."

गुरुमूर्तीला मराठी येत नव्हतं, पण सूर कळत होता. "सार, तुम्ही तिला चौकशीला बोलावताय. अम्मा बोलवायच्या तसं बोलवा."

"तसं मला येत नाही."

"प्रयत्न करा सार. कुत्र्याला सूर कळतो, शब्द नाही."

तेव्हा छप्पन्न वर्षांच्या वरुणरावांनी, कपाळाला गंध आणि खिशाला दोन पेनं असताना, भर बाजारात, बायकोच्या आवाजात हाक मारली. भवानीबाईंची हाक पहिल्या शब्दावर चढायची, 'बाई'वर रेंगाळायची आणि 'निवला'ला एकदम खाली यायची. तीस वर्षं ती ऐकलेली होती. घशातून जशीच्या तशी निघाली. ती निघाल्यावर सगळ्यात जास्त दचकले ते वरुणरावच. पुढची दोन मिनिटं त्यांच्यानं बोलवेना. गुरुमूर्तीला वाटलं माईक बिघडला, म्हणून तो वायर हलवत बसला.

दीड तासात ऑटोनं अर्धं गाव पालथं घातलं. तीन भटकी कुत्री, एक शेळी आणि वाहतूक पोलीस इतके जण हाकेला आले. पोलिसाला परत पाठवायला सर्वांत जास्त वेळ लागला.

त्या दिवशी घरी आल्यावर वरुणराव बुंदीच्या थाळीसमोर जरा वेळ बसले. बुंदी हरवली याचं त्यांना दुःख होतंच, पण दुःखाच्या आत आणखी एक भीती होती, ती त्यांना ग्रुपवर टाकता येण्यासारखी नव्हती. त्या घरात भवानीबाईंची हाक ओळखणारे दोनच जीव उरले होते. त्यांतला एक निघून गेला, तर दुसऱ्यानं ती कोणापाशी ताडून बघायची?

रविवारी ग्रुपवर ठरलं की फ्लेक्स लावायचा. या गावात फ्लेक्सशिवाय काही घडलं असं धरलंच जात नाही. गुरुमूर्तीनं फोटो मागितला. वरुणरावांकडे बुंदीचा एकच नीट फोटो होता. त्यात भवानीबाई शेजारी बसलेल्या, हात बुंदीच्या डोक्यावर. "अम्मांना कापून फक्त कुत्री घेतो सार," गुरुमूर्ती म्हणाला. वाक्य ऐकायला बरं नव्हतं, पण त्याचा हेतू चांगला होता. वरुणरावांनी फोटो पाठवला आणि छापण्याआधी फ्लेक्स दाखवायला सुद्धा सांगितलं नाही. (हा त्या आठवड्यातला त्यांचा दुसरा छोटा निर्णय.)

सोमवारी ऑफिसला जाताना त्यांनी चौकात फ्लेक्स पाहिला आणि स्कूटर बाजूला घेतली.

आठ फूट बाय सहा फूट. दोन बाजूंना दोन तेवत्या समया. वरच्या कोपऱ्यांत दोन डोळे, माणसाचे, त्यांतून टपोरे अश्रू गळताहेत. मध्ये लंबगोलात फुलांच्या हारात बुंदी, एक कान उभा, एक पडलेला. खाली 'गुरु पेट्स फॅमिली'च्या सव्वीस सभासदांचे चेहरे, प्रत्येकाचा चेहरा बुंदीच्या चेहऱ्यापेक्षा थोडा मोठा, सगळ्यांत मोठा गुरुमूर्तीचा, काळा चष्मा लावलेला. त्याही खाली, चहाच्या टपरीच्या छत्रीआड, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की ही कुत्री हरवली आहे, दिसल्यास दुकानात कळवावं.

आणि बुंदीच्या डोक्यावर हात होता. मनगटापर्यंत, दोन हिरव्या बांगड्यांसकट. तेवढा कापायचा राहून गेला होता.

"हे काय आहे, गुरुमूर्ती?" त्यांनी दुकानात जाऊन विचारलं.

"छान आलाय ना सार?"

"कोणी मेल्यावर लावतात तसला आहे तो!"

"फ्लेक्सवाल्याकडे तीनच डिझाइनं तयार होती सार. वाढदिवस, लग्न आणि हे. घाईत होतो ना आपण. वाढदिवसाचं बरं दिसलं नसतं."

"हरवल्याचं नव्हतं?"

"हरवल्याचा फ्लेक्स कोण लावतं सार? लोक बघणार बघा. समया बघितल्या की माणूस थांबतोच."

माणसं थांबली, हे खरं. थांबून, समया बघून, खालचं काही न वाचता, हळहळून पुढं गेली. त्या क्षणापासून तंजावुरात बुंदीला शोधणं बंद झालं. मेलेल्या कुत्रीला कोण शोधतं?

दुपारी भारतीचा फोन आला. कोणीतरी तिला फ्लेक्सचा फोटो पाठवला होता.

"अप्पा, दॅट इज अम्माज हँड."

"हो."

"शुड आय आस्क देम टु टेक इट डाउन?"

"राहू दे दोन दिवस," वरुणराव म्हणाले.

संध्याकाळपासून लोक भेटायला येऊ लागले. पहिले आले समोरचे रघुनाथ, बँकेतून निवृत्त झालेले. खुर्चीच्या कडेवर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, वरुणराव."

"अहो, ती मेलेली नाही."

रघुनाथांनी मान हलवली. "बरोबर आहे. अशी जिवाभावाची माणसं मरत नाहीत."

"ती माणूस नाही, कुत्री आहे. आणि ती मेलेली नाही. नुसती हरवली आहे."

"आपण सगळेच एक दिवस हरवणार आहोत," रघुनाथ म्हणाले आणि वरुणरावांचा हात दोन्ही हातांत धरून बसले.

मंगळवारी प्रिन्सिपल आले. भवानीबाई गेल्या तेव्हा परीक्षांचे दिवस होते, त्यांना यायला जमलं नव्हतं. ती उणीव त्यांनी आता भरून काढली. बुधवारपर्यंत अकरा घरांतले लोक येऊन गेले, आणि अकराही घरांना वरुणरावांनी सांगितलं, "ती मेलेली नाही." तिसऱ्या घरापासून लोक एकमेकांकडे बघायला लागले. सहाव्या घरानं जाताना फाटकापाशी कुजबुज केली की बायको गेल्यावर हे तसे शांत होते, आत्ता बाहेर पडतंय सगळं. नवव्या घरानं मानसोपचारवाल्या डॉक्टरांचा नंबर चिठ्ठीवर लिहून टीपॉयवर ठेवला.

संगीता मोगऱ्याचा हार घेऊन आली. दारात चप्पल काढून तिनं भिंतीवर बुंदीचा फोटो शोधला. भिंतीवर एकच फोटो होता. हार हातात धरून ती घुटमळली. मग पुढं जाऊन तिनं तो भवानीबाईंना घातला.

"चुकलं का सार?"

"नाही. तिला मोगरा आवडायचा," वरुणराव म्हणाले. मग थोड्या वेळानं, सवयीनं म्हणाले, "पण बुंदी मेलेली नाही."

"नाही सार," संगीता म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

वरुणराव एकटेच शोधत राहिले. सकाळी ऑफिसच्या आधी एक तास, संध्याकाळी दोन तास. कोणाला विचारायचीही चोरी. विचारलं की माणूस त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा.

पुढच्या शुक्रवारी नवरात्र सुरू झालं. दुपारी ग्रुपवर संगीताचा फोटो आला. त्याखाली तिनं लिहिलं होतं: 'बाहुल्यांच्या आराशीचं आमंत्रण द्यायला देवळाच्या तळ्याशेजारच्या गल्लीत शेषम्मा आजींकडे गेले होते. बघा त्यांच्याकडे कोण आहे! अगदी आपल्या पूंदीसारखी! देव एक नेतो, एक देतो.' फोटोत गार फरशीवर, भरतकामाच्या पिशवीशेजारी, पिवळ्या ठिपक्यांची एक कुत्री आडवी पसरली होती. एक कान उभा, एक पडलेला. खाली वीसेक जणांनी हात जोडले होते. एकानं लिहिलं होतं, 'पुनर्जन्म.' (आठ दिवसांत, आणि थेट सात वर्षांची होऊन. पण ग्रुपवर कोणी गणित करत नाही. संगीतासुद्धा शाळेबाहेर करत नाही.) गुरुमूर्तीनं लिहिलं होतं, 'वरुणराव सारनी हिचं एखादं पिल्लू घ्यावं.'

वरुणरावांनी अर्धी रजा टाकली. वाटेत दुकानातून नवीन पट्टा घेतला. "पिल्लासाठी मोठा होईल सार," गुरुमूर्ती म्हणाला. पट्टा पँटच्या खिशात कोंबून वरुणराव निघाले.

देवळाच्या तळ्याशेजारची ती गल्ली शनिवारी ऑटोनं दोनदा पालथी घातलेली होती. चौथं घर, हिरवं दार. शेषम्मा म्हणजे सत्तरीच्या पुढच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, नाकात हिऱ्याची बेसरी, डोळ्यांवर जाड चष्मा. दार किलकिलं करून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "कोण पाहिजे?"

आतून भुंकणं ऐकू आलं. ते भुंकणं वरुणराव शंभर कुत्र्यांत ओळखतील असं होतं. ते तोंड उघडणार तोच शेषम्मा मागं वळल्या आणि म्हणाल्या, "उगी राहा गे बाई! दारात कोण आलं म्हणजे अस्सं भुंकायचं काय? ऐकूं तर दे कोण तें."

वरुणराव उंबऱ्यावरच थबकले. चढून, रेंगाळून, एकदम खाली उतरणारा सूर. आवाज निराळा होता, जुना होता, थोडा फाटलेला होता. पण सूर तोच होता. बुंदी तत्काळ गप्प बसली.

"मी..." ते मराठीत म्हणाले, आणि अकरा महिने न उघडलेल्या कपाटासारखी त्यांची जीभ करकरली, "मी ह्या कुत्रीला पाहायला आलों."

"अगोबाई! तुम्ही आपलेच की!" शेषम्मांनी दार सताड उघडलं. "या, या. कोठचे? कोणाचे? बसा आधी. कॉफी घेतां की नाही? नाही म्हणायचं नाही."

मग डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, कॉफी आली, चकलीसारखे मुरुक्कू आले, आणि वरुणरावांच्या सासऱ्यांच्या मावसबहिणीचं घर शेषम्मांना ठाऊक होतं हेही निघालं. बुंदी उठली, शेपूट हलवत वरुणरावांपाशी आली, त्यांचा हात हुंगला, एकदा चाटला. मग परत जाऊन शेषम्मांच्या पायांवर हनुवटी टेकून पडली. ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला बाजारात नमस्कार करावा आणि आपल्या वाटेनं जावं, तसं.

"ही... तुमच्याकडे कशी आली?"

"आता सांगतें बघा. मागच्या गुरुवारी दारात उभी राहून फोनवर बोलत होतें. बहीण आहे माझी कुंभकोणमला, तिच्याशीं. जगांत आतां तेवढीच आहे मराठी बोलायला. लेक कोईमतूरला, सून तमिळ, नात इंग्लिश. तर बोलतां बोलतां पायाशीं काय ओलं लागलं म्हणून बघतें, तर हें ध्यान! अर्ध्या अंगाला साबण. मी बोलतेंय आणि हें माझ्या तोंडाकडे बघतेंय. फोन ठेवला, तर रडायला लागलं. पुन्हा बोलायला लागलें, तर गप्प. आतां फोनमध्यें बोलायचं तरी किती? मग तिच्याशींच बोलूं लागलें." शेषम्मा हसल्या. "आठ दिवसांत माझा घसा बसला. आठ वर्षांत इतकं बोललें नव्हतें."

वरुणरावांनी खिशात हात घातला. पट्टा हाताला लागला.

"कोणाची तरी असेल, असं नाही वाटलं?"

"वाटलं तर! जिवाला घोर लागला. म्हणून नांव सुद्धा ठेवलं नाही, 'पाहुणी' म्हणतें. सोमवारी देवळाला जातां चौकांत बघतें, तर हिचाच फोटो! हुबेहूब! हृदय धडधडलं हो. मग नीट बघितलं तर समया, अश्रू. ती बिचारी मेलेली. माझा जीव भांड्यांत पडला." त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला. "वाईट बोललें. कोणाची तरी असेल ती. कोणा बाईचा हात होता तिच्या डोक्यावर. बाईंना काय वाटलं असेल."

वरुणराव कॉफी प्याले. ती पिऊन संपली होती, तरी प्याले.

"आणि काय सांगूं," शेषम्मा पुढं सांगू लागल्या, "त्याच्या आधीं शनिवारी कोणी एक माणूस ऑटोंत बसून बायकी आवाजांत 'भात निवला, भात निवला' ओरडत गेला. ह्या गल्लींत! दोनदा! पाहुणी अशी उसळली कीं दार फोडती. मी कडी घातली, वरून खुर्ची लावली. वेडे लोक आहेत हो, भीती वाटते एकटीला."

"कठीण आहे," वरुणराव म्हणाले.

"भात निवला तर जेव म्हणावं मुकाट."

"हो."

बुंदीनं झोपेत पाय झाडले. शेषम्मांनी वाकून तिच्या पोटावरून हात फिरवला आणि तिला सांगितलं की हे पाहुणे आपलेच आहेत, भले आहेत, जरा कमी बोलतात एवढंच. बुंदीनं डोळे न उघडता शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. ही माहिती तिला नवीन नव्हती.

"तुम्हांला ओळख लावून घेतली तिनं," शेषम्मा म्हणाल्या. "कोणाजवळ जात नाही ती. तुम्हांला आवड दिसते. घरी आहे काय कुत्रं?"

आता बोलायची वेळ आली होती. वाक्य तयार होतं; येताना स्कूटरवर त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं होतं. वरुणरावांनी शेषम्मांकडे पाहिलं, त्यांच्या पायांवरच्या हनुवटीकडे पाहिलं.

"होतं," ते म्हणाले.

"गेलं?"

अकरा घरांना त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. हे बारावं घर.

"हो," वरुणराव म्हणाले. "गेलं."

"अरेरे!" शेषम्मा कळवळल्या. "मग असं एकटं राहूं नये हो. तुम्हांसारख्या माणसानं एखादं पाळावं. दक्षिण वीदीला कोण एक दुकान आहे म्हणतात, तेथे चौकशी करा. आणि तोंवर येत जा इकडे. हिच्याशीं दोन शब्द बोलायला शिका. तुमचं बोलणं फार सरकारी आहे."

वरुणराव रोज संध्याकाळी साडेपाचला जातात. बिस्किटाचा पुडा नेतात, कॉफी घेतात, शेषम्मा सांगतील तसं बुंदीशी बोलतात. ग्रुपवर त्यांनी काही कळवलेलं नाही. बुंदी आपली आहे, हे शेषम्मांना सांगायचं अजून राहिलं आहे.